सावडीचा स्वयंपाक

माण गावात आमची ओळख 'गोठ्यात गाडीवाले' अशी आहे. ज्या वर्षी भाताचं खाचर विकलं त्याच वर्षी बैलही विकले, आणि खाचराच्या पैशातून गाडी घेतली. ठेवायला दुसरी जागा नव्हती आणि गोठा रिकामा होता, म्हणून ती गोठ्यात गेली. आमचे हे तिला रोज सकाळी फडक्याने पुसतात, वर कापड घालतात आणि बाहेर काढत नाहीत. पेट्रोल परवडत नाही, हे एक कारण. जायचं कुठं, हे दुसरं.

गावातल्या जुन्या माणसांकडे पोतंभर पैसा आहे असं बाहेरून आलेल्यांना वाटतं. होता, मी नाही म्हणत नाही. पण त्यातून हे घर झालं, पोराचं लग्न झालं, पोराला महाळुंग्यात फ्लॅट झाला, आणि त्या फ्लॅटचा हप्ता अजून संपायचा आहे. पोरगा आणि सून दोघंही कमावतात, तरी महिन्याच्या पंचवीस तारखेला सुनेचा फोन येतो, "आई, तांदूळ शिल्लक असेल का थोडा?" नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. घराच्या मागे चार खोल्या काढल्या, त्यांच्या भाड्यावर आमचं दोघांचं चालतं.

आमच्या खाचरावर आता टॉवर उभा आहे. किती मजले ते मी दोनदा मोजायला गेले, मान दुखली, सोडून दिलं. लग्न होऊन आले तेव्हा त्याच जागी मी गुडघाभर चिखलात उभी राहून भाताची रोपं लावली होती. आता तिथंच, सातव्या मजल्यावर, माझी शेवटच्या खोलीतली भाडेकरीण दुसऱ्यांच्या पोळ्या लाटते. चारही खोल्यांतल्या बाया त्या टॉवरमध्येच कामाला जातात. पहिल्या खोलीत उत्तरेकडचा एक वॉचमन बायकोपोरांसह राहतो. मधल्या दोन खोल्यांत मराठवाड्यातल्या दोघी जावा, त्यांचे नवरे बांधकामावर. आणि शेवटच्या खोलीत ही आमची मुळशीचीच, धरणाच्या पलीकडे डोंगरावर हिची वाडी. नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे. एकच पोरगी, हे सगळं घडलं तेव्हा तिची नववीची परीक्षा नुकतीच झालेली.

गेल्या उन्हाळ्यात बोअर आटली आणि टँकर सुरू झाला. टँकरवाल्याने आठवड्याला भाव वाढवला. मी दोन आठवडे दात-ओठ खाल्ले आणि तिसऱ्या आठवड्यात तेच केलं जे गावातले सगळे मालक करत होते. चारही दारांवर गेले आणि सांगितलं, पुढच्या महिन्यापासून पाचशे जादा. वॉचमनची बायको म्हणाली, "काकी, थोडा कम करो ना." जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटच्या खोलीतलीने नुसती मान हलवली. मला वाटलं, चला, हिला जमतंय.

संध्याकाळी ती आली. ओट्यावर बसली नाही, खालीच उभी राहिली.

"मालकीणबाई, म्हैनाअखेर आमी खोली सोडतो."

"कुटं जाणार गं?"

"ह्ये कंपनीतच ऱ्हातील, कामावरच्या पोरांसंगं. मला येका फ्लॅटवर चोवीस तासाचं काम हाय, तितंच झोपायचं. पोरीला वाडीवर धाडते, आजीकडं."

"अन शाळा?"

"आमच्या वर चौथीपातुर हाय शाळा."

"तिची दहावी हाय यंदा."

"व्हय."

"मग?"

"मग काय. व्हईल लगीन."

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर राग माझाच आला होता, पण तो काढायला समोर तीच होती. "पाचशे रुपयांपायी कुणी पोरगी उजवतं का?" मी ओरडलेच.

ती शांतपणे म्हणाली, "पाचशेपायी न्हाई वो. तेल वाढलं, ग्यास वाढला, रिक्षा वाढली. पाचशे आत्ता वर आलं. आदी तुमी मागितलं असतं तर दिलं असतं, आन तेल आत्ता वाढलं असतं तर तेलापायी सोडलं असतं." आणि गेली.



दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते. शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यात पोरगी बसली होती, मांडीवर गणिताचं पुस्तक, हातात चहाचा कप, आणि कपात खारी. बाराचा सुमार. मी विचारलं, "जेवलीस का गं?" तर कप वर करून म्हणाली, "हे काय." तिची आई त्या वेळी चार घरांच्या गरम पोळ्या करत होती. जावांची पोरं पुड्यातल्या शेवया कोरड्याच चावत होती. चार बाया दुसऱ्यांची ताटं वाढायला गेलेल्या आणि माझ्या अंगणात सहा पोरं खारी-शेवयांवर. मी रोज त्याच दोरीवर कपडे घालते, पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

एकदा दिसायला लागलं की सगळंच दिसतं. पहाटे पाचला चारही खोल्यांत नवऱ्यांच्या डब्यांसाठी शेगड्या पेटतात, पाचवी माझी. पाच शेगड्या, पाच कुकर, पाच वेळा खरकटी भांडी, आणि ती भांडी टँकरच्या पाण्याने धुवायची. खोल्यांतल्या बायांकडे मोठा सिलिंडर नाही, कागदपत्रं इथली नाहीत. त्या लहान सिलिंडर किलोवर भरून आणतात आणि माझ्यापेक्षा महाग गॅस जाळतात. तेलाची दहाची पिशवी, चहाची पुडी, पाव किलो साखर. गरिबाला सगळंच महाग पडतं, कारण तो थोडं थोडं घेतो. मी पंधरा किलोचा डबा आणते म्हणून मला स्वस्त. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या आठवड्यात नळाच्या कट्ट्यावर बसून मी ते पाहिलं.

कट्ट्यावरच एका पहाटे मी तिला म्हणाले, "पाच चुली कशाला गं जाळतो आपण? येका भिंतीच्या अल्याड-पल्याड?"

ती हंडा भरत होती. वर न बघता म्हणाली, "आमच्या वाडीवर आसतं तर सावड केली आसती."

सावड. हा शब्द मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या माणमध्येही होती की सावड. लावणीच्या दिवसांत आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी नाही, पैसा नाही. माझ्या सासूबाई बोटांवर मोजायच्या, कुणाच्यात आपला किती माणूस गेला आणि कुणाचा आपल्यात यायचा. खाचरं गेली आणि तो शब्दही गेला. आता इथं कुणाला कुणाचा हात लागत नाही. जेसीबी बोलावतात.

"स्वयंपाकाची सावड व्हती का कुटं?" मी विचारलं.

"हात तेच की वो. रोप लावायचं का भाकरी थापायची."

तिथंच ठरलं. पाच बाया, पाच पाळ्या. जिची पाळी तिने दोन्ही वेळा सोळा माणसांचं रांधायचं, बाकीच्या चौघी चार दिवस मोकळ्या. तांदूळ, ज्वारी, तेल पिरंगुटच्या बाजारातून एकदम आणायचं, खर्च डोक्यांवर वाटून. भाकरीबरोबरचं कोरड्यास, म्हणजे भाजी-पिठलं जे काय असेल ते, जिचं तिने. सिलिंडर माझ्या कार्डावरचा. आणि जागा म्हणजे गोठा.

गोठा म्हटल्यावर आमच्या ह्यांचं तोंड उतरलं. "गाडी उन्हात ठेवायची?" मी म्हटलं, "बैलं ऱ्हायलीच की उन्हात." अर्धा दिवस रुसले, मग स्वतःच ढकलत ढकलत ती चिंचेखाली नेली. सुरूच होईना, बॅटरी बसलेली. वॉचमन, जावांचे नवरे आणि हे, असे चौघं ती लग्नातल्या नवरदेवाच्या घोड्यासारखी हळूहळू नेत होते. गोठा सारवला, गव्हाणीवर फळी टाकली, फळीवर मोठी शेगडी ठेवली. शेवटच्या खोलीतली म्हणाली, "म्हैनाअखेरपातुर बघू." खोली सोडायचं तिने रद्द केलं नव्हतं. माझा जीव त्या महिनाअखेरीला टांगलेला होता.

पहिली पाळी मी घेतली. मालकीण ना मी! आणि आता जे सांगते ते सांगायला मला अजून लाज वाटते.

मी मटण केलं. चांगलं तीन किलो. काळ्या वाटणाचा रस्सा, सुकं, वर इंद्रायणीचा भात. भाकऱ्या चाळीस लागणार होत्या, माझे गुडघे आणि मनगटं दुखतात, म्हणून शेजारच्या आळीतली एक बाई रोजाने लावली. तिने थापल्या, तिनेच भांडी घासली. मी पाटावर बसून मीठ-मसाला सांगितला, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकल्या. दुपारी दोनला बाया टॉवरवरून परतल्या आणि गोठ्याच्या दारात थबकल्याच. पोरांनी बोटं चाटली. वॉचमनने दोनदा हात जोडले. मी पदर खोचून वाढत होते आणि मनात म्हणत होते, बघा, असं असतं मन मोठं असलं की.

दुसऱ्या दिवशी थोरल्या जावेची पाळी. तिने चिकन केलं. तिसऱ्या दिवशी धाकट्या जावेने थोरलीपेक्षा कमी नको म्हणून चिकन आणि वर शिरा. चौथ्या दिवशी वॉचमनच्या बायकोने पनीर आणलं, पुऱ्या तळल्या, घामाघूम झाली. मी चौघींची तोंड भरून स्तुती करत होते. पाचव्या दिवशी शेवटच्या खोलीतलीची पाळी होती. तिने मटण केलं. माझ्या मटणापेक्षा चांगलं, त्यात डोंगरातलं काहीतरी कुटून घातलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. म्हटलं, "चव हाय बाई तुझ्या हाताला!" ती हसली नाही.

त्याच संध्याकाळी पोरगी ओट्यावर आली. "काकू, तुमच्या मुलाची दहावीची जुनी गाईडं असतील का? जुनी चालतील."

"जुनी कशाला? आयनं पुस्तकांचं पैसं ठेवलेत म्हणत व्हतीस ना?"

पोरगी भाबडी. म्हणाली, "ठेवले होते. त्यांचं मटण आणलं काल संध्याकाळी. आई म्हणाली, तशीही आपण जाणारच आहोत." मग तिने सांगितलं की आईने सकाळीच शाळेतून दाखला काढून आणलाय. शाळा सोडल्याचा दाखला.

मी दोनदा वाढून घेतलं होतं. पोरीची पुस्तकं खाल्ली होती मी, आणि वर हाताची तारीफ केली होती. 

मग मी आणखी एक गाढवपणा केला. कपाटातून दोन हजार काढले आणि शेवटच्या खोलीत गेले. ती भांडी बांधत होती. मी नोटा पुढे केल्या. तिने हात मागे घेतला.

"पैसं नगं, मालकीणबाई."

"अगं पोरीच्या पुस्तकांना हायेत."

"पुस्तकांचंच व्हतं ते. मी माझ्या हातानं मोडलं. तुमी न्हाई."

"मी कुटं सांगितलं व्हतं मटणच कर म्हणून?"

आता तिने माझ्याकडे सरळ बघितलं. आमच्या दारात दोन वर्षं राहिली होती, पण तसं कधी बघितलं नव्हतं. "सांगायला कशाला लागतंय? आमच्या वाडीवर सावडीच्या दिशी कुनी गोडधोड करीत न्हाई, तिखाट-मटान बी करीत न्हाई. ज्याच्या गोठ्यात धा म्हशी हायेत त्यो बी कोरड्यास-भाकरच घालतो. येकानं चांगलं केलं की दुसऱ्याला करावं लागतं, आन तिसऱ्याला जमत न्हाई म्हून त्यो यायचा बंद व्हतो. जो यायचा बंद व्हतो त्याचं खाचर पडीक ऱ्हातं. म्हून म्हाताऱ्या माणसांनी तसं घालून दिलंय." मग म्हणाली, "आन दुसरं येक. तुमच्या पाळीला भाकरी तुमी नव्हत्या थापल्या. सावडीत दिवसाला दिवस आसतो. तुमी दिवस न्हाई दिला, पैसं दिलं."

मी तशीच परत आले. रागाने नाही, आणि फार दुःखानेही नाही. कुणीतरी तोंडावर खरं बोललं की एक सणसणीत मोकळं वाटतं, तसं काहीतरी. खाचर विकल्यापासून मला कुणी खरं बोललंच नव्हतं. भाडेकरी तर "छान आहे काकू" म्हणूनच बोलायला सुरुवात करतात. सासूबाई असत्या तर त्यांनी मला मटणाचा वास यायच्या आधी झोडपलं असतं, कारण बोटांवर त्या माणसं मोजायच्या, ताटातले पदार्थ नाही. एवढी साधी गोष्ट मी त्यांच्याच घरात राहून विसरले होते.

दुसऱ्या दिवशी पाळी पुन्हा माझी. चार वाजता उठले. गोठ्यात गेले, शेगडी पेटवली, परात घेतली. आमचे हे मागे आले, "मी काय करू?" म्हणाले. म्हटलं, "कांदे चिरा." ह्यांनी उभ्या जन्मात कांदा चिरला नव्हता. डोळे पुसत पुसत बारा कांदे चिरले, एकेक फोड एवढी मोठी.

मी पिठलं टाकलं आणि भाकरी थापायला बसले. दहा झाल्या तेव्हा मनगट बोलायला लागलं. वीस झाल्या तेव्हा गुडघे. पंचविसावी तव्यावर फाटली. तीस झाल्या तेव्हा मी मोठ्याने टॉवरला शिव्या दिल्या, जेसीबीला दिल्या, टँकरवाल्याला दिल्या आणि मग थापतच राहिले. या बाया रोज चार घरी हे करून येतात आणि मग घरी आपलं करतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मनगटात कळणं वेगळं. चाळिसावी भाकरी उतरवली तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता आणि माझ्या बोटांना चटके बसले होते. वाईट म्हणाल तर नव्हतं वाटत.

दुपारी दोनला बाया आल्या. चौघी एकदमच दारात उभ्या राहिल्या. मी खाली मान घालून ताटं मांडत होते. वाढताना म्हणाले, "माझ्याकडनं पहिल्या पाळीला चुकलं. हितनं पुढं कोरड्यास-भाकर. जास्तीचं कुनी करायचं न्हाई, मी बी न्हाई." थोरल्या जावेच्या तोंडावरून काहीतरी ओझं उतरल्यासारखं झालं. वॉचमनच्या बायकोला मी काय म्हणाले ते धाकटीने हिंदीत सांगितलं, तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "शुकर है, मैं तो कल से सोच रही थी, अगली बार क्या बनाऊँ!" आणि सगळ्या हसल्या. शेवटच्या खोलीतली हसली नाही. खाली बसली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. चावत राहिली. मी परात हातात धरून तशीच उभी.

"भाकर जाड झालीया," ती म्हणाली. "आन मीठ कमी हाय, आक्का."

मी मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली. तिने चिमूटभर टाकलं आणि बाकीच्यांकडे दिली. आत्तापर्यंत मी मालकीणबाई होते.

त्या दिवसापासून गोठ्यातला स्वयंपाक साधाच झाला. कोरड्यास-भाकर, आमटी-भात, कधी उसळ. कधी वांगं जळायचं, कधी भात गचका व्हायचा, आणि जिचं बिघडेल तिला बाकीच्या चिडवायच्या. माझ्या भाकऱ्यांना वॉचमनची पोरं 'जाड काकूच्या जाड भाकऱ्या' म्हणायची. मी त्यांच्या मागे उलथनं घेऊन धावायचे. खारी संपली. दुपारी बारा वाजता सहा पोरं माझ्या गोठ्यात बसून भाकरी खायची, गरम नसायची, पण सकाळची ताजी असायची.

महिनाअखेर जवळ आली. टँकरवाला माझ्या दारात गाडी लावायचा तेव्हा मी टाकीत डोकावून बघायचे आणि परत पाठवायचे, अजून अर्धी आहे. पाच घरांची पाच वेळची भांडी एक झाली होती. आठवड्याला तीन टँकर लागायचे, तिथे दोन पुरू लागले. मग पाचशे कशाचे घ्यायचे? ते पाण्याचेच तर होते. मी चारही दारांवर गेले आणि वाढ मागे घेतली. हे उपकार नव्हते, हे मी बजावून सांगितलं. पाणी त्यांनीच वाचवलं होतं.

शेवटच्या खोलीतली तेवढ्यावर थांबली नाही. पाच दिवसांतल्या चार संध्याकाळी तिचे हात आता मोकळे होते. टॉवरमधल्या एका घरी संध्याकाळच्या स्वयंपाकाला बाई हवी होती, ते काम ती कित्येक महिने नाकारत होती, कारण मग घरचं कोण करणार? आता तिने ते धरलं. तिच्या पाळीच्या दिवशी ती चार वाजताच आमटी-भात करून ठेवते आणि टॉवरवर जाते. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी तिला वेगळ्या लिफ्टने यायला सांगितलं. ती गेली त्याच लिफ्टने, कटकट नको म्हणून. पण रात्री गोठ्यात येऊन तिने लिफ्टची नक्कल केली, दार कसं बंद होतं, आत साफसफाईची बादली आणि ती दोघीच कशा उभ्या असतात. आम्ही हसून हसून लोळलो. नंतर जेवताना मला ते हसू आवडलं नाही, पण आधी आवडलं होतं, हे खरं.

तरी दाखला तिच्याकडेच होता. महिनाअखेर आली आणि गेली, तिने खोली सोडली नव्हती, पण सोडायची नाही असंही म्हणाली नव्हती. शेवटी एक दिवस तिची पोरगीच तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली. "काकू, हा तुमच्या कपाटात ठेवा. घरी असला की आई रोज रात्री काढून बघते." मी तो ठेवला. ज्या कप्प्यात खाचराचं खरेदीखत आहे त्याच कप्प्यात, त्याच्यावरती. एक आमचं गेल्याचा कागद आणि एक पोरीचं जाण्याचा. कपाट लावून किल्ली कमरेला खोचली.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी शेवटच्या खोलीतली सकाळी सकाळी ओट्यावर आली. या वेळी आपणहून बसली. अंगावर बाहेर जायचं लुगडं, हातात पिशवी.

"आक्का, तिनं दाखला तुमच्यापाशी ठेवलाय म्हनं. द्या."

"कशाला?" मी म्हटलं. "कशाला पायजे तुला?"

"द्या तर."

"वाडीवर नेतीस?"

"द्या म्हनते ना."

मी उठले. कपाट उघडलं. तेवढ्या वेळात मी मनात तिला खूप बोलले. म्हटलं, दिवसाला दिवस म्हणालीस ना, मग मी दिलेले दिवस काय झाले? माझ्या मनगटाचं काय? पण तोंडाने काही बोलले नाही, कारण दाखला तिचा होता, पोरगी तिची होती, आणि मी तिला पुन्हा एकदा मालकिणीसारखं बोलायला तयार नव्हते. पिशवी तिच्या हातात दिली. तिने ती उघडली, दाखला बाहेर काढून सरळ केला, पदराने पुसला आणि माझ्याच हातात परत दिला.

"वाचा बरं, काय लिव्हलंय शाळा सोडायचं कारण."

"स्थलांतर," मी वाचलं.

"मला लिव्हता येत न्हाई. हेडबाईंना अर्ज लागतो म्हनं, परत घ्यायला. तुमी लिव्हा. आमी कुटं जात न्हाई म्हनून लिव्हा."

मी ओट्यावर बसूनच अर्ज लिहिला. दोनदा कागद फाडला, कारण डोळ्यात पाणी येऊन अक्षर वाकडं जात होतं, आणि ती वैतागून म्हणाली, "आवरा वो आक्का, मला धाच्या आत टॉवरवर पोचायचंय." तिसऱ्यांदा नीट झाला. ती आणि पोरगी चालतच शाळेत गेल्या. दाखला शाळेत जमा झाला. पुस्तकं तिने आपल्या पैशाने आणली, पाचव्या घराच्या पहिल्या पगारातून, नवी कोरी, आणि मला दाखवायला घेऊन आली. मी फक्त वास घेतला.

आता पोरगी दहावीत आहे. खोलीत दंगा, गोठ्यात धूर, म्हणून ती संध्याकाळी चिंचेखालच्या गाडीत बसून अभ्यास करते. मागच्या सीटवर पाय दुमडून, मांडीवर वही. आमच्या ह्यांनी बॅटरी दुरुस्त करून आणलीय, आत पिवळा दिवा लागतो. साडेपाच वाजले की ते स्वतः कापड काढतात, काचा पुसतात आणि तिला सांगतात, "दार हळू लाव, आपटू नगं." मग दुरून ओट्यावरून बघत बसतात.

परीक्षेचं काय होईल ते मला ठाऊक नाही. गणित तिला अवघड जातं, ते मला आणि तिच्या आईला दोघींनाही येत नाही. उद्या पाळी माझी आहे. आजच ज्वारी निवडून ठेवायला हवी, आणि मीठ या वेळी दोनदा चाखून बघणार आहे.